हाका कोण घालतं?

(मुलुंडमध्ये झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मराठी शिकारकथा’. त्यामुळे काही जण मचाण, काळोखी रात्र, पाचोळा खसखसला वगैरे ऐकायला आले असतील. (हशा) ते थोडं होईल. पण सुरुवात मी आपल्या स्टेशनच्या पलीकडून करणार आहे, नानेपाड्यातून.

१३ जानेवारी २०१८, शनिवारची सकाळ. नानेपाड्यात बिबट्या शिरला. सहा जण जखमी झाले. शेवटी वनखात्याच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून नेलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो दिवस आठवत असेल. आता त्यानंतरच्या, किंवा अशा कुठल्याही दिवसानंतरच्या बातम्यांची भाषा आठवा. बिबट्याचा ‘धुमाकूळ’. परिसरात ‘दहशत’. अमुक तासांच्या ‘थरारानंतर’ बिबट्या ‘जेरबंद’. नागरिकांनी ‘सुटकेचा निःश्वास’ सोडला. बोरिवली असो, जुन्नर असो, नाशिक असो, गावाचं नाव बदललं तरी बातमी तीच.

हा ‘जेरबंद’ शब्द मोठा मजेचा आहे. मूळ फारसी, घोड्याच्या सरंजामातला. घोड्याने मान वर उडवू नये म्हणून खालून बांधतात तो पट्टा म्हणजे जेरबंद. म्हणजे पाळलेल्या जनावराच्या साजातला शब्द आपण रानातल्या जनावराला लावतो. बिबट्या जणू आपल्याच तबेल्यातून सुटला होता! असो.

माझं म्हणणं असं आहे की शिकारकथा मेलेली नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. पुस्तकांतली शिकारकथा त्यानंतर हळूहळू आटली. बातमीत मात्र ती जिवंत राहिली. आणि जिवंत राहिली ती तिच्यातलं चांगलं ते टाकून. वाईट तेवढं उरलं.

चांगलं काय होतं? जिम कॉर्बेट घ्या, कारण मराठीत अनुवादांतून तो घरोघरी पोचला. ‘मॅन ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ चं पुस्तक. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसं. १९०७ साली कॉर्बेटने तिला मारलं. लेखक म्हणून तो मोठा कुठे ठरतो? गोळी लागते तिथे नाही. गोळीनंतर तो वाघिणीचं तोंड बघतो तिथे. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा हाडापर्यंत गेलेला. जुनी बंदुकीची जखम. रोजची सावजं धरता येईनात म्हणून ती माणसाकडे वळली, असा तो निष्कर्ष काढतो. म्हणजे ४३६ मृत्यूंच्या आरंभाला कुण्या एका माणसाचा चुकलेला बार आहे. रुद्रप्रयागचा बिबट्या, १२५ बळी. तिथेही तो साथीच्या रोगांपर्यंत मागे जातो. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, प्रेतं जाळायला माणसं नाहीत, ती दरीत लोटली गेली, आणि बिबट्याला चटक लागली. हे कारण शंभर टक्के पटलं पाहिजे असं नाही. पण तो कारण शोधतो. जनावर असं का वागलं, हा प्रश्न त्याच्या गोष्टीचा कणा आहे.

आणि हे केवळ सद्भावनेनं होत नव्हतं. शिकाऱ्याला बारीक बघावंच लागतं, नाहीतर मरावं लागतं. वारा कुठून येतो, माग कालचा की आजचा, पाणवठ्याला जनावर कुठल्या अंगाने उतरतं. चुकीच्या निरीक्षणाची किंमत लगेच मोजावी लागे. त्यामुळे त्या गद्याला एक शिस्त आली.

सलीम अलींचं उदाहरण मला फार आवडतं. लहानपणी खेतवाडीत, एअरगन हातात. तबेल्याच्या भिंतीत चिमणीचं घरटं. बाहेर नर बसलेला. त्यांनी नर मारला. थोड्या वेळाने दुसरा नर त्याच जागी हजर. तोही मारला. सात दिवसांत आठ नर! आणि मुलाने हे टिपून ठेवलं. टिपलं ते पराक्रम म्हणून. पुढे वाचणाऱ्यांना दिसलं की हे मादीच्या जोडीदाराबद्दलचं उत्तम निरीक्षण आहे. टिपण तेच राहिलं, शब्द बदलावा लागला नाही. आज निसर्गावर लिहिणाऱ्या किती जणांचं टिपण असं उलटून वाचता येईल? ‘हिरवाईने मन मोहरून गेलं’ यातून पन्नास वर्षांनी कोण काय काढणार? (हशा) हसू नका, मी स्वतः अशी वाक्यं लिहिलेली आहेत.

व्यंकटेश माडगूळकर हे आपल्याकडचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. माणदेशचा माणूस, शिकारी, चित्रकारही. पुढे बंदूक सुटली. नजर राहिली. ‘नागझिरा’ वाचा किंवा ‘सत्तांतर’ वाचा. वानरांच्या टोळीतली सत्तेची मारामारी तो सांगतो तेव्हा मध्ये येऊन डोळे पुसत नाही. पिलं मारली जातात, ती मारली जातात. वाक्यं आखूड, विशेषणं मोजकी. हा संयम दबा धरून बसलेल्या माणसाचा आहे, असं मला वाटतं. शिकारीचा वारसा मराठीत नीट वापरला गेला तो इथे.

आता वाईटाकडे येतो.

जुनी शिकारकथा, साहेबाची असो की आपल्याकडच्या संस्थानिकांची, तिच्यात हाका असतो. शेपन्नास माणसं डबे वाजवत, ओरडत रान पिंजून काढतात आणि जनावर बंदुकीकडे लोटतात. बंदूकवाला मचाणावर. हाकारे खाली, पायी, हातात काठी. जखमी वाघ वळला तर तो कुणावर वळणार? पण कथेत नाव कुणाचं? साहेबाचं. त्याच्या रायफलचं. कधी कुत्र्याचं. आणि वाघाची लांबी फूट-इंचांत! हाकाऱ्याला नाव नाही. मेला तर ‘एक हाकारा दगावला’, एवढ्यावर भागतं. कॉर्बेट याला बराच अपवाद आहे, म्हणून तो टिकला. बाकीचे लेखक जुन्या पुस्तकांच्या दुकानात धूळ खात पडलेत ते उगाच नाही.

हा दोष बातमीने जसाच्या तसा उचलला. २०१८ चीच गोष्ट. पांढरकवड्याची वाघीण. वनखात्याच्या कागदात ‘टी-१’. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि २ नोव्हेंबरला तिला गोळी घातली. तिला हुडकायला अत्तर वापरलं, परदेशी कंपनीचं, हे सगळ्यांना पाठ आहे. तिचं ‘अवनी’ हे नाव सगळ्यांना पाठ आहे. तिचे दोन बछडेही लक्षात आहेत. आता त्या तेरा जणांपैकी एकाचं नाव सांगा.

(शांतता)

मलाही सांगता येत नाही. इथे मी वाघिणीच्या बाजूचा की गावकऱ्यांच्या, हा प्रश्नच नाही. मी मजकुराबद्दल बोलतोय. एका बाजूचे लेखक तिला खलनायिका करत होते, दुसऱ्या बाजूचे हुतात्मा. दोन्ही मजकुरांत ते शेतकरी, ते गुराखी हाकाऱ्यांच्या जागी गेले.

मारुती चितमपल्लींचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांच्यावर टीका करायला जागा आहे. लोकांत चालत आलेली समजूत आणि तपासलेलं निरीक्षण ते पुष्कळदा एकाच सुरात सांगतात. वाचणाऱ्याला कळत नाही की हे त्यांनी पाहिलं की ऐकलं. पण ज्याच्याकडून ऐकलं त्याला ते पुसत नाहीत. नवेगावबांधचे माधवराव पाटील त्यांच्या पुस्तकांत पानोपानी आहेत, गुरूच्या जागी. तलावावरचे ढीवर, त्यांची माशांची नावं, हेही आहे. वनाधिकारी असून आपलं ज्ञान कुणाचं आहे हे त्यांनी सांगितलं. हे आपल्या लेखनात दुर्मिळ आहे हो.

माशांचा विषय निघालाच आहे तर पवईला जाऊन येऊ. पवई तलावावर गळ टाकून बसणाऱ्यांची स्वातंत्र्याच्या आधीपासूनची संघटना आहे. तिथे कधी बसलात का? कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्यात, मृगळ तळाशी. म्हणून गळ किती खोल सोडायचा, कणकेचा गोळा किती घट्ट, पाण्यावरचं बूच कसं हललं की ओढायचं, हे सगळं आधी माहीत लागतं. आणि तलावात मगरी आहेत हेही! गळवाल्यांवर एच. एस. थॉमसने १८७३ मध्येच ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं. आमच्या वर्सोव्याच्या कोळ्यांना भांग-उधाण, वारा, तळ कुठे खडकाळ हे त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. पण त्यांनी लिहिलं नाही. पोटाची विद्या कोण छापील? जी विद्या हौसेची ती ग्रंथात गेली, जी पोटाची ती होडीत राहिली. आता जून-जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्याला असतात, तेव्हा बसून लिहून घ्यायला कुणी हवं.

गळवाल्याची आणखी एक सवय. तो तुम्हाला आमिष सांगेल, पद्धत सांगेल. जागा सांगणार नाही. शिकारीही सांगत नसे. जागा फुटली की गर्दी होते आणि गर्दी झाली की काम बिघडतं, हे त्याला ठाऊक. यात स्वार्थ होता, मान्य. पण शहाणपणही होतं.

आणि आपण काय करतो? बिबट्या दिसला की आधी जागा. अमुक सोसायटी, तमुक गेट, व्हिडिओसकट. दहा मिनिटांत गल्ली भरते. आता शिकारकथेच्या नजरेने ही गल्ली बघा. डावीकडे माणसं, उजवीकडे माणसं, गच्चीवर माणसं, आरडाओरडा. हा हाका आहे! फक्त समोर मचाण नाही. जनावराला लोटायचंय कुठे हे कुणीच ठरवलेलं नाही. मग ते एका घरातून दुसऱ्या घरात, माणसांच्या अंगावरून पळतं. जुन्या शिकाऱ्याने हे पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. बातमी याला ‘बिबट्याचा हल्ला’ म्हणते. हाका तिच्या वाक्यात येत नाही, कारण हाका घालणारे आपणच, आणि बातमी वाचणारेही आपणच.

एक आक्षेप मला दिसतो. सगळेच हल्ले असे गर्दीने होत नाहीत. बरोबर आहे. २००४ च्या सुमाराला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने माणसं गेली ती अंधारात, एकेकटी. २०२२ च्या दिवाळीत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या पहाटे आरेत गेलं ते दीड वर्षाचंही नसलेलं मूल होतं. तिथे हाका नव्हता. म्हणूनच तिथे कॉर्बेटचा प्रश्न हवा होता: का? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विचारला. जुन्नरचे बिबटे पकडून दूर सोडले, तर सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले, असं त्यांच्या २०११ च्या निबंधात आहे. म्हणजे बातमीत ‘जेरबंद’नंतर जो पूर्णविराम येतो, तिथे खरं तर दुसऱ्या कुणाच्या तरी गावातली गोष्ट सुरू होत होती.

त्याच साली मुंबईत वनखात्याच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ सुरू झालं. त्यातून लोकांना ज्या सूचना गेल्या त्या मी साहित्य म्हणून वाचतो. (हशा) खरंच. कचरा साठू देऊ नका. कचऱ्याने कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटं सोडू नका. अंधारात चालताना बोलत चला, मोबाइलवर गाणी लावा. उघड्यावर बसलेलं माणूस त्याला छोट्या जनावरासारखं दिसतं, म्हणून पाड्यांत संडास आणि दिवे द्या. एकही विशेषण नाही. प्रत्येक वाक्यामागे निरीक्षण आहे, आणि चुकलं तर जीव जाईल ही जाणीव आहे. शिकाऱ्याच्या गद्याची शिस्त मला आज कुठल्या ललित लेखापेक्षा या पत्रकात जास्त दिसते. १०४ चौरस किलोमीटरच्या उद्यानात आणि त्याच्या आजूबाजूला २०१५ च्या मोजणीत ३५ बिबटे निघाले, २०१८ च्या मोजणीत ४७. आणि बहुतेक रात्री काहीही घडत नाही. शिकारकथेला या न घडण्याचं काय करावं ते कधी कळलं नाही.

आरेच्या पाड्यांत वारली लोक वाघोबाला पुजतात. त्यांच्या बोलण्यात पट्ट्याचा आणि ठिपक्यांचा, दोन्ही ‘वाघ’च. वाघोबाला नवस करणारा माणूस भाबडा आहे असं समजून त्याच्यावर लिहिलेलं मी बरंच वाचलंय. त्याच्याजवळ बसून, वाघ कुठल्या वाटेने येतो आणि त्या वाटेवर तो स्वतः कसा वागतो, एवढंच विचारून, त्याच्या नावानिशी लिहिलेलं मराठी पुस्तक मला हवं आहे. इथे कुणाच्या माहितीत असेल तर खाली आल्यावर मला जरूर सांगा.

प्रश्न घेऊ या. मागे ते हात वर करतायत, माइक द्या त्यांना.