सवालाला जवाब हवा

गाण्याचे शब्द हल्ली कोणी ऐकत नाही, ही तक्रार रत्नागिरीत बसून करणे जरा अवघड आहे. गणपतीत चाकरमानी गावी आले की वाडीवाडीत जाखडीचा नाच उभा राहतो, आणि जाखडीतला शक्तीतुरा हा मुळात अर्थावरचाच सामना. शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले मध्ये बसतात, नाचे भोवती फेर धरतात. गण-गौळण आटोपली की एक शाहीर सवाल टाकतो. समोरच्याने त्याचा उलगडा गाण्यातच करायचा. शक्तीवाला आदिमायेला थोरली मानतो, तुरेवाला शिवाला. कलगी-तुऱ्याच्या जुन्या शाहिरीतून आलेला हा वाद. नऊ दरवाजांचा वाडा म्हणजे देह, हे इथे कोणाला फोडून सांगावे लागत नाही. भारूड आणि कीर्तनाने कान तसे तयार केलेले आहेत. शाहिराची ओळ कोरस पुन्हा उचलतो, तेवढ्यात ऐकणारा ती मनात घोळवून घेतो. या कलेचे मर्म मला नाचापेक्षा त्या उचलण्यात दिसते. ज्याला भेद उकलला नाही त्याची बारी पडली.

आता याच शहरातले दुसरे उदाहरण घ्या. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी लिहिलेले ‘संगीत संन्यस्त खड्ग’ १९३१ साली बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली वझेबुवांच्या, गळा मास्टर दीनानाथांचा. संन्यास श्रेष्ठ की शस्त्र, असा नाटकाचा रोखठोक विषय. त्यातली एक-दोन पदे मैफलीत अजून हटकून येतात, तो वाद मात्र येत नाही. टाळी तानेला पडते. पद कोणत्या प्रसंगाचे, हे विचारावे असे फारसे कोणाला वाटत नाही. शब्द हिणकस होते असे मुळीच नाही. नाटकात त्यांच्यासमोर प्रतिपक्ष होता, मैफलीत तो उरला नाही.

शक्तीतुऱ्यात अर्थ कसला, ती तर पुराणातली प्रश्नमंजूषा, असे कोणी म्हणेल. अर्ध्यापुरते ते खरे आहे. अमक्याची आई कोण, तमक्याचा शाप कोणता, एवढ्यावर भागवणारे शाहीर असतात आणि ते कंटाळवाणे होतात. पण शक्तीवाचून शिवाला हालचाल कशी, हा सवाल पोथी उघडून सुटत नाही. तिथे शाहिराला स्वतःची बुद्धी चालवावी लागते, ऐकणाऱ्यालाही. दुसरी ओरड सिनेमाच्या चालींबद्दल असते. ती मला पटत नाही. चाल ओळखीची असली तर कान शब्दांसाठी मोकळाच राहतो. नुकसान होते ते वेगाने. फेर पळू लागला की कोरसला ओळ उचलायला उसंत नाही, आणि सवालाच्या जागी समोरच्या शाहिरावर टोमणे मारले की टाळ्या स्वस्तात मिळतात. मुंबईत तिकीट लावून होणाऱ्या सामन्यांत हा मोह जास्तच. त्यात मोबाईलवर फिरणारे तुकडे नाचाचे. सवाल त्यात आला तरी जवाब येईलच असे नाही. चित्रफीत टाकणाऱ्यांनी दोन्ही बाऱ्या सलग ठेवल्या आणि सवालाच्या ओळी खाली लिहून दिल्या, तर घरबसल्या ऐकणाऱ्यालाही जवाब शोधायला जागा राहील.