‘द लास्ट वॉल्ट्झ’: रस्ता सोडणं कोणाला परवडतं?

मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ (१९७८) हा उत्तम कॉन्सर्टपट आहे, असं सगळेच म्हणतात. संगीतापुरतं ते मलाही मान्य आहे. पण हा चित्रपट त्यापलीकडे आणखी एक दावा करतो. वर्षानुवर्षं दौऱ्यावर असणाऱ्या वादकांचं आयुष्य म्हणजे काय आणि ते का थांबवावं लागतं, हे तो आपल्याला सांगू पाहतो. माझी तक्रार या दाव्याबद्दल आहे.

‘द बँड’ने २५ नोव्हेंबर १९७६ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात निरोपाची मैफल केली. आयोजक बिल ग्रॅहॅमने आधी हजारो श्रोत्यांना टर्कीचं साग्रसंगीत जेवण घातलं. बँडमधले रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन हे चौघे कॅनडाचे, तर ड्रमवरचा लेव्हॉन हेल्म अर्कान्साचा. सुरुवात रॉनी हॉकिन्सच्या मागे बारमध्ये वाजवण्यापासून झाली. मग १९६५मध्ये बॉब डिलनबरोबरचे दौरे सुरू झाले. डिलनने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून चिडलेले श्रोते रोज हुर्यो उडवत. हेल्म त्याला इतका वैतागला, की दौरा अर्धवट सोडून मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या रिगवर मजुरी करायला गेला.

एवढा सगळा रस्ता पाठीशी असताना पडद्यावर मात्र रस्ता नाही. गाडी नाही, मोटेल नाही, पहाटे सामान चढवणारी माणसं नाहीत. आहे ते झुंबरांचं रंगमंच आणि सॅन फ्रान्सिस्को ऑपेराकडून आणलेला ‘ला त्राव्हियाता’चा सेट. रस्ता येतो तो फक्त बोलण्यातून. हे बोलणं रंगतदार आहे, यात शंका नाही. खिशात पैसे नसताना दुकानातून खाण्याच्या वस्तू लांबवण्याचे किस्से आहेत. फोर्ट वर्थमधल्या छत नसलेल्या क्लबचा किस्सा आहे, ज्याचा मालक जॅक रुबी निघाला. हेल्म दक्षिणेतल्या तंबूतल्या खेळांविषयी सांगतो: मुख्य खेळ संपल्यावर, पोरंबाळं घरी गेल्यावर, मध्यरात्री रंगणाऱ्या चावट भागाविषयी. कनातीतला तमाशा पाहिलेल्या माणसाला हे वर्णन परकं वाटणार नाही.

पण या बोलण्यात मोठा वाटा एकट्या रॉबर्टसनचा आहे, आणि चित्रपटाचा निर्माताही तोच आहे. रस्त्याने कोणाकोणाला गिळलं याची यादी तो गंभीर चेहऱ्याने सांगतो: हँक विल्यम्स, बडी हॉली, जॅनिस जॉप्लिन, जिमी हेंड्रिक्स... शेवटी एल्व्हिस. आता एल्व्हिस गेला ऑगस्ट १९७७मध्ये, म्हणजे मैफलीनंतर नऊ महिन्यांनी. निर्णयाचं कारण म्हणून आपण जे ऐकतो, ते निर्णयानंतर बरंच उशिरा बोललेलं आहे. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण गाण्यांच्या मध्ये ते असं गुंफलंय, की तो पाचही जणांचा एकमुखी कौल वाटतो.

तो तसा नव्हता. हेल्मने १९९३च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं, की त्याला थांबायचं नव्हतं. गाण्यांचं श्रेय आणि त्यातून येणारा पैसा यावरूनही त्याची रॉबर्टसनशी कायमची बिनसली. श्रेयाचा वाद कोणाच्या बाजूने सोडवायचा हे मी ठरवू शकत नाही. व्यवहार मात्र साधा आहे. गाण्याखाली ज्याचं नाव असतं, त्याला घरबसल्या रॉयल्टी मिळत राहते. जो फक्त वाजवतो आणि गातो, त्याची चूल बहुतांशी प्रयोगावर पेटते. बँडच्या बहुतेक गाण्यांखाली रॉबर्टसनचं नाव होतं. म्हणजे ‘रस्ता जीवघेणा आहे’ हे वाक्य खरं असलं, तरी ते बोलून घरी बसणं पाचही जणांना सारखं परवडणारं नव्हतं.

१९८३मध्ये बाकीचे चौघे रॉबर्टसनशिवाय पुन्हा दौऱ्यावर निघाले. मार्च १९८६मध्ये फ्लोरिडात एका कार्यक्रमानंतर मॅन्युएलने मोटेलच्या खोलीत आत्महत्या केली. मग रॉबर्टसनचंच खरं ठरलं का? असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. एका माणसाच्या दुःखाला आपण कोणाच्या भाकिताचा पुरावा करू नये. आणि हिशोब मांडायचाच, तर हेल्मही मांडावा लागेल. घशाच्या कर्करोगानंतर त्याने वुडस्टॉकच्या आपल्या कोठारातच मैफली भरवल्या. त्यांना नाव दिलं ‘मिडनाइट रॅम्बल’, त्या तंबूतल्या मध्यरात्रीच्या खेळावरून. उपचारांची बिलं त्यातूनच भागवायची होती. रस्त्यावर निघता येत नव्हतं, तेव्हा त्याने श्रोत्यांनाच घरी बोलावलं. वाजवणं थांबवणं हा पर्याय त्याच्यापुढे नव्हताच, आणि बहुधा त्याला तो नकोही होता.

‘द लास्ट वॉल्ट्झ’ जरूर पाहावा, मोठ्या आवाजात पाहावा. पण सगळे पाहुणे रंगमंचावर जमतात त्या शेवटच्या सामूहिक गाण्याकडे नीट लक्ष द्यावं. डिलनबरोबर मॅन्युएलही मुख्य गायक आहे. त्याचा तो उंच, चिरकत जाणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो, पण पडद्यावर तो जवळजवळ दिसतच नाही. या चित्रपटात रस्त्याचंही नेमकं तेच झालंय.