कामगार, कॅमेरा आणि आपली वस्ती

माहितीपट म्हटला की पुष्कळांना अजूनही फिल्म्स डिव्हिजनच आठवते. मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर धरण दिसे, पोलादाची भट्टी दिसे, नवे यंत्र दिसे आणि निवेदकाचा भारदस्त आवाज सगळे काही सांगून टाकी. कामगार असे, पण बोलत नसे. 1948 साली स्थापन झालेली ही संस्था 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मात्र तिने लावलेली पाहण्याची सवय सहज जाणारी नाही. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे मोटारींचे कारखाने आले आणि हा पट्टा भोसरीवरून चाकणपर्यंत पसरला. त्याची कहाणी आजही आपण त्याच निवेदकाच्या सुरात सांगतो. किती कारखाने, किती गाड्या, किती रोजगार, एवढेच. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, उत्तर प्रदेश-बिहारमधून इथे पोटासाठी आलेल्या माणसाचे काय झाले, हे त्या सुरात बसत नाही.

नव्या माहितीपटांनी हा सूर सोडला, म्हणून आम्हाला ते महत्त्वाचे वाटतात. त्यांतल्या काहींचा विचार आम्ही या पट्ट्यात उभे राहून करू इच्छितो.

पहिला, राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ (2016). गुजरातेतल्या एका कापड कारखान्यात कॅमेरा शिरतो आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. रंगाची पिंपे, वाफ, बारा-बारा तासांची पाळी, यंत्रापाशी उभ्या-उभ्या डुलक्या घेणारे एक पोर. दृश्ये देखणी आहेत. इतकी, की पाहणाऱ्याला थोडी शरम वाटावी. पण चित्रपटाचा खरा कस लागतो तो कामगारांचा घोळका दिग्दर्शकालाच धारेवर धरतो तेव्हा. पुढारी येतात तसे तुम्हीही याल, पाहाल आणि निघून जाल. आम्ही काय करायचे ते सांगा, असा त्यांचा सवाल. दिग्दर्शकाकडे उत्तर नाही. तरीही त्याने ते दृश्य कापले नाही, हे आम्ही त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानतो.

दुसरा, राहुल रॉय यांचा ‘द फॅक्टरी’ (2015). 18 जुलै 2012 रोजी मानेसरच्या मारुती कारखान्यात हिंसाचार झाला, एक अधिकारी मृत्यू पावला आणि सुमारे दीडशे कामगार तुरुंगात गेले. हा माहितीपट त्या दिवसाचा थरार उभा करीत बसत नाही. तो कोर्टाच्या तारखा, वकिलांच्या फेऱ्या आणि घरी वाट पाहणारी माणसे यांच्याबरोबर चालतो. मार्च 2017 मध्ये निकाल लागला : 31 दोषी, 117 निर्दोष. निर्दोष ठरलेल्यांतले कित्येक जण तोवर जामिनाविना वर्षे तुरुंगात काढून आले होते. चाकणमध्ये ज्याच्या घरात कुणी कंत्राटावर कामाला जातो, त्याने हा माहितीपट पाहावाच. गाडी तीच, पट्टा तोच, आणि कायम व कंत्राटी कामगारांमधली दरीही तीच.

तिसरा मराठी कानाला जवळचा. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (2023). मुंबईचे दोन कोळी मित्र. एक वडिलोपार्जित पद्धतीने किनाऱ्यालगत मासेमारी करतो. दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जातो आणि शेवटी एलईडी दिव्यांच्या झोतावर मासे ओढण्याकडे वळतो. समुद्र आटत चालला आहे, हे इथे कुणी तज्ज्ञ सांगत नाही. दोन मित्रांच्या बोलण्यातला कडवटपणाच ते सांगतो. पर्यावरणाचा प्रश्न हा आधी चुलीचा प्रश्न असतो, हे या माहितीपटाने नेमके पकडले आहे. कुणाला खलनायक करून टाकण्याचा सोपा मार्ग दिग्दर्शिकेने घेतलेला नाही.

चौथा आमच्या मनात सर्वाधिक रेंगाळलेला, शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (2022). सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत त्याला मोठे पुरस्कार मिळाले, ऑस्करचे नामांकनही मिळाले. दिल्लीच्या वजिराबादमधले नदीम आणि सौद हे भाऊ साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा छोटा धंदा करतात आणि त्याच जागेत मांज्याने कापलेल्या घारींवर उपचार करतात. घारीला मांस घातले तर सवाब मिळतो, हे त्यांनी लहानपणी ऐकलेले. पक्ष्यांच्या इस्पितळाने मांसाहारी पक्षी म्हणून घार नाकारली, तेव्हा त्यांनी ती घरी आणली. बाहेर 2019-20 चे नागरिकत्व कायद्याविरुद्धचे आंदोलन आणि दंगल चालू आहे. आत घारीच्या पंखाला टाके पडत आहेत. घरातल्या स्त्रिया मात्र काठावरच राहतात, ही उणीव आम्हाला जाणवली. तरीही या चित्रपटाने एक मोठी गोष्ट केली. पडद्यावरचा मुसलमान एरवी एकतर संशयित असतो किंवा दयेचा धनी. इथे तो कारागीर आहे, शहराची हवा श्वासात घेणारा नागरिक आहे. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) मध्ये यंत्रमागावर राबणारा शफीक असाच भेटला होता. त्यातही नायिका गावाबाहेरून आणावी लागते; ही बोच दिग्दर्शिकेची नव्हे, आपली आहे.

आता आपल्या पट्ट्याकडे वळू. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे, छोटे कारखाने, दुकाने अशी चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. तिथे राबणाऱ्यांत आणि धंदा करणाऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान मोठ्या संख्येने होते. बांधकामे अनधिकृत होती, आगी लागत, धुराने लोक हैराण होते, इंद्रायणी दूषित होत होती, असे पालिकेचे म्हणणे. धूर खोटा नव्हता. आळंदीत नदीवर येणारा फेसही खोटा नाही. पण मोठ्या कारखान्यांनी टाकून दिलेले लोखंड, प्लास्टिक, पुठ्ठा निवडून पुन्हा वापरात आणणारे हातही तिथलेच होते, आणि फेसाचा सगळा हिशोब त्या हातांच्या नावावर मांडता येत नाही. वाहिन्यांनी बुलडोझर दाखवला आणि त्या निघून गेल्या.

हा विषय माहितीपटाचीच वाट पाहतो आहे. त्यात घोषणा नकोत आणि रडगाणेही नको. भंगार कुठून येते, कुठे जाते, दर कोण ठरवतो, धूर कुणाच्या छातीत जातो, गोदाम गेल्यावर पोरांची शाळा कुठे गेली, हे धीराने टिपणारा कॅमेरा हवा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटपासून कुदळवाडी एका बसच्या अंतरावर आहे. तिथून कुणी येईल तर स्वागतच. पण आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलामुलींच्या हातातही आता कॅमेऱ्याचा फोन आहे. लग्नाचे शूटिंग करणारा पोरगा आपल्या चाचाच्या गोदामाचे शूटिंगही करू शकतो, आणि चाचीला बोलते करणे त्याच्या बहिणीला अधिक चांगले जमेल.

आपल्या संमेलनांत कविसंमेलन होते, परिसंवाद होतो. त्यात दोन तास एखाद्या माहितीपटासाठी राखून ठेवावेत, नंतर त्यावर मोकळी चर्चा व्हावी आणि समोर बसलेल्यांत पाळी संपवून आलेले कामगार असावेत, एवढीच आमची सूचना आहे. ‘मशीन्स’मधल्या कामगारांनी विचारलेल्या सवालाला तिथे कदाचित थोडेफार उत्तर मिळेल.