आठवीतला भूकंप आणि किल्लारीचं माळवद

सीबीएसईत शिकलेल्यांना एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञानातला ‘सम नॅचरल फिनॉमेना’ हा धडा आठवत असेल. अर्धा विजेचा, अर्धा भूकंपाचा. मामेबहिणीचा अभ्यास घेताना मी तो परत वाचला.

विजेचा भाग झकास आहे. रिफिल पॉलिथिनवर घासा, जॅमच्या रिकाम्या बाटलीत पेपरक्लिपला फॉइलच्या दोन पट्ट्या लटकवा, त्या एकमेकींपासून लांब होताना बघा. मग तेच ढगात कसं घडतं ते वाचा. हाताने करून बघितलेलं असतं, म्हणून पटतं.

भूकंप आला की धडा नुसता सांगत सुटतो. भूपट्ट सरकतात, त्यांच्या कडा कमकुवत, तिथे भूकंप जास्त. धोका काश्मीर, हिमालय, ईशान्य भारत, कच्छला. दक्षिणेची एका वाक्यात बोळवण. (रिश्टरवर २ ने वाढ म्हणजे ऊर्जा हजारपट, हे मात्र नीट सांगितलंय. लॉग स्केलवर गडबडणारे आमच्या ऑफिसातही आहेत.) चूक काही नाही. पण लातूरच्या पोरानं विचारलं, ‘किल्लारी कुठल्या कडेवर होती?’, तर पुस्तक गप्प. किल्लारी भूपट्टाच्या पार आत आहे. १९९३ मध्ये तो भाग देशाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या गटात होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे, विसर्जन करून गावं झोपलेली असताना, हजारो माणसं गेली.

त्याहून खटकतो घरबांधणीचा सल्ला: जड सामानापेक्षा माती किंवा लाकूड बरं, छप्पर हलकं ठेवा. छपराचं मान्य. पण नुसतं ‘माती बरी’? किल्लारीच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या, चांगल्या जाड. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं. हादरा बसला तशा भिंती सुटल्या आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. माती कशाला धरून आहे आणि डोक्यावर किती आहे, हा खरा प्रश्न. तो धड्यात येतच नाही.

त्यालाही जॅमच्या बाटलीसारखा प्रयोग जमला असता. आम्ही केला. ट्रेमध्ये आगपेट्यांच्या चार भिंती, वर जाड डिक्शनरी. ट्रे हलवला, तिसऱ्या हिसक्याला सगळं आडवं. मग भिंतींना चहूबाजूंनी दोऱ्याचे दोन पट्टे आवळले आणि डिक्शनरीच्या जागी पातळ वही ठेवली. बहीण हात दुखेपर्यंत ट्रे हलवत होती.