चादरीखालची थार

चाचणीसाठी बाहेर काढलेल्या नव्या गाडीवर काळी-पांढरी नागमोडी नक्षी चिकटवतात, ठिकठिकाणी खोटे फुगवटे लावतात, म्हणजे आतला खरा आकार कळू नये. अशी गाडी हायवेवर दिसली की कुणीतरी फोन बाहेर काढतोच. फोटो हललेला येतो, निम्मी गाडी ट्रकच्या आड असते. तरी संध्याकाळपर्यंत त्या एका फोटोवर जेवढा खल होतो, तेवढा मराठीत एखाद्या चांगल्या कादंबरीच्या वाट्याला वर्षभरात येत नाही. मी हे कुचकटपणे म्हणत नाहीये. दिव्याची कड किती वळलीय, मागच्या चाकाच्या कमानीत किती फट दिसतेय, खालून आस दिसतो का, यावरून न दिसलेल्या गाडीचा अंदाज बांधणं हे बारीक वाचन आहे. प्रश्न एवढाच की हे वाचक नेमकं काय वाचतात आणि काय वाचायचं टाळतात.

सध्याचा मजकूर पुढच्या थारचा आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत महिंद्राने चार संकल्पना-गाड्या दाखवल्या. त्यातली एक व्हिजन टी. उभ्या पट्ट्यांची जाळी, चाकांवर फुगीर कमानी, मागच्या दाराला टांगलेलं जादा चाक. नावातला ‘टी’ कशाचा, हे कुणी सांगायची गरज नव्हती. या गाड्यांखालचा नवा पाया मोनोकॉक आहे हेही त्याच दिवशी सांगण्यात आलं. व्हिजन टी म्हणजेच पुढची थार, आणि म्हणजे थारची लॅडर फ्रेम जाणार, हा हिशोब लोकांनी स्वतःच जुळवला. तेव्हापासून ऑफरोडवाल्यांच्या जगात सुतक आहे.

ज्यांना या शब्दांशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी: लॅडर फ्रेम म्हणजे पोलादाची आडवी ठेवलेली शिडी. इंजिन, चाकं, सगळं या शिडीला जोडलेलं, आणि वरचा सांगाडा नटबोल्टने बसवलेला. मोनोकॉकमध्ये शिडी वेगळी नसते, अंड्यासारखं कवच हाच आधार. आपल्या रोजच्या बहुतेक मोटारी अशाच असतात. हलक्या, वळणावर स्थिर, बसायला सुखाच्या. शिडीवाली गाडी जड असते, खड्ड्यात हिंदकळते, पण दगडधोंड्यांत पिळवटली तरी तक्रार करत नाही, असा तिचा लौकिक आहे.

थारप्रेमींचे आक्षेप मी बरेच महिने वाचतो आहे. वरवर ते एकच वाटतात, पण त्यात तीन वेगळे सूर आहेत आणि तिघांची लायकी सारखी नाही.

पहिला सूर डोळ्यांचा: दिवे गोल हवेत. २०२३ साली केपटाउनमध्ये थार.ई ही विजेवरची संकल्पना दाखवली तेव्हा तिचे चौकोनी दिवे पाहून जी ओरड झाली, ती हीच. हे भांडण जुनं आहे आणि आपलंही नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये पहिली जीप रँग्लर आली तीच मुळी चौकोनी दिव्यांची. खऱ्या जीपचे दिवे गोलच असतात, अशा अर्थाचे स्टिकर मग जुन्या जीपवाल्यांनी बंपरवर चिकटवले, आणि १९९६ मध्ये पुढची रँग्लर आली तेव्हा दिवे पुन्हा गोल झाले होते. हा प्रेमींचा विजय म्हणून आजही सांगितला जातो. पण दिवे गोल का होते? १९४० च्या सुमाराला अमेरिकेत गाड्यांना सात इंची गोल सीलबंद दिवा हाच ठरलेला दिवा होता, म्हणून. जीपच्या ज्या उभ्या फटींच्या जाळीला आपण चेहरा म्हणतो, तीही फोर्डने युद्धकाळात पत्रा ठोकून काढली, कारण पट्ट्या जोडत बसण्यापेक्षा ते स्वस्त आणि झटपट होतं. तेव्हा फटी नऊ होत्या, नागरी जीपमध्ये त्या सात झाल्या. चेहरा कुणी काढलाच नव्हता. घाई, स्वस्ताई आणि लष्कराची यादी यांतून तो उरला.

म्हणून दिवे गोल ठेवा ही मागणी मला मूळ गाडीच्या स्वभावाच्या अगदी उलट वाटते. मूळ गाडीने दिसण्याचा विचार केला नाही, म्हणून ती तशी दिसली. आज तसंच दिसायचं तर खूप विचार करावा लागतो, खूप पैसा लागतो. आजच्या थारचा गोल दिवा ही आठवणीची प्रतिकृती आहे. प्रतिकृती वाईट नसते, मलाही आवडते. पण तिला ‘अस्सल’ म्हणताना जरा जीभ चावावी.

त्यात हा चेहरा ‘आपला’ आहे का, हाही मजेशीर तिढा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे त्याच घराण्यातून सीजे, एमएम ५४०, कमांडर अशी रांग लागली. कारखान्याचे साहेब, वनखातं, लग्नाचं वऱ्हाड, सांगली-साताऱ्याकडचं वडाप, सगळ्यांनी तिला इतकं वापरलं की ‘जीप’ हा आपल्याकडे जातिवाचक शब्द झाला. पण महिंद्राने याच वंशातली रॉक्सर अमेरिकेत विकायला काढली तेव्हा जीपच्या मालक कंपनीने २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली. २०२० मध्ये निकाल विरोधात गेला. महिंद्राने रॉक्सरचं नाक बदललं आणि बदललेल्या रूपाला आयोगाने हरकत घेतली नाही. म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी इथे जीव टाकला जातो, तो तिथे कायद्याने दुसऱ्याचा ठरला. नवं रूप मागणं हा त्या दृष्टीने द्रोह नाहीच. पंच्याहत्तर वर्षांनी कुणीतरी स्वतःचा चेहरा शोधत असेल तर शोधू द्यावा.

दुसरा सूर हाडांचा, म्हणजे शिडीचा. हा मला आदराने ऐकावासा वाटतो, कारण यामागे अनुभव आहे. मावळात एका रविवारी ऑफरोडवाल्यांचा खेळ बघायला गेलो होतो. ओढ्याच्या पात्रात एकाची गाडी कर्णात अडकली: पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत, नुसतं फिरतंय. अखंड आस असलेल्या जुन्या जीपमध्ये एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, तराजूसारखं. प्रत्येक चाकाचं वेगळं सस्पेन्शन असलं की हा तराजू तुटतो. शेजारचा मुलगा मला हे हाताच्या दोन पंज्यांनी करून दाखवत होता आणि त्याच्या बोलण्यात कुठलाही आव नव्हता.

पण इथेच एक गल्लत होते. आस आणि शिडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०१० च्या पहिल्या थारलाच पुढच्या बाजूला अखंड आस नव्हता, शिडी मात्र होती. आज जिला जुनी, खरी, रांगडी म्हणून कवटाळतात त्या थारने तराजूचं एक पारडं तेव्हाच सोडून दिलं होतं. २०२० ची थार आली, मागच्या पट्ट्याच्या स्प्रिंगा जाऊन कॉइल आल्या, कारखान्यातूनच टणक छत आलं, ऑटोमॅटिक गिअर आले, मागची माणसं समोर तोंड करून बसू लागली, आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत गाडीला चार तारे मिळाले. त्या प्रत्येक पायरीवर गाडी मऊ झाल्याचं दुःख केलं गेलं. आता तीच २०२० ची थार हा सुवर्णकाळ ठरू पाहतोय. माझा अंदाज आहे की मोनोकॉक थार आलीच, तर दहा वर्षांनी तिचाही होईल.

लँड रोव्हर डिफेंडरची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिच्यात हे नाटक आधीच होऊन गेलं आहे. २०११ साली फ्रँकफर्टमध्ये डीसी १०० ही संकल्पना दाखवली आणि डिफेंडरवाले खवळले. २९ जानेवारी २०१६ ला सोलिहलमध्ये शेवटची जुनी डिफेंडर बाहेर पडली. २०१९ मध्ये नवी आली: ॲल्युमिनियमचं मोनोकॉक, चारही चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन, कारखाना स्लोव्हाकियात. मालक टाटा, २००८ पासून. डिझाइनप्रमुख जेरी मॅकगव्हर्न यांनी जुनीची नक्कल करायचं टाळलं, आणि मला वाटतं म्हणूनच ती गाडी टिकली. जुनी ५०० मिलिमीटर पाण्यातून जायची, नवी ९०० मधून जाते. ती आज लँड रोव्हरच्या सर्वात खपणाऱ्या गाड्यांत आहे.

जुन्यासाठी हळहळणाऱ्यांपैकी एकाकडे मात्र फक्त स्टिकर छापण्यापेक्षा जास्त पैसे होते. जिम रॅटक्लिफ या रसायन-उद्योजकाने शिडीवरची, पुढे-मागे अखंड आसांची स्वतःची गाडी काढली, आयनिओस ग्रेनेडियर. ग्रेनेडियर हे लंडनमधल्या एका पबचं नाव आहे, गाडीची कल्पना तिथे बसून सुचली म्हणून. जग्वार लँड रोव्हरने जुन्या डिफेंडरचा आकारच ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा प्रयत्न केला होता. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला. निकालाचा एक आशय मला फार आवडतो: आकारातले जे बारकावे जाणकारांना मोठे वाटतात, ते सामान्य गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नसतील. प्रेमींना यापेक्षा निर्दय समीक्षा मिळाली नसेल, आणि तीही न्यायालयाकडून.

तिसरा सूर कुणी उघड लावत नाही. थार आता कोणीही घेतो, ही ती खंत. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थार ९.९९ लाखांपासून आली. फोर बाय फोर नसलेली थार! केवढा संताप. मग १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची रॉक्स आली, आणि आजीला दवाखान्यात नेता येईल अशी थार झाली. खरं सांगायचं तर मला यात काही वाईट दिसत नाही. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, पहिल्या पगारावर हप्ता काढणारा मुलगा अलिबागला जाऊन फोटो काढणार, दगडावर चढणार नाही. त्याने का घेऊ नये? ‘त्यांच्यामुळे गाडी बिघडली’ या वाक्यातल्या ‘त्यांच्या’मध्ये कोण कोण बसवलेलं असतं, ते ऐकून बघा एकदा. गाडीबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त असतं ते.

हौशींची परीक्षा बाजाराने घेतलेलीही आहे. जून २०२३ मध्ये मारुतीने पाच दारांची जिम्नी आणली. शिडी आहे, पुढे-मागे अखंड आस आहेत, प्रत्येक गाडीला फोर बाय फोर आणि लो रेंज. शुद्धतावाद्यांच्या यादीतलं जवळजवळ सगळं. कौतुक उदंड झालं, खप थारच्या जवळपासही गेला नाही. हीच गुरुग्रामला बनलेली गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये विकायला काढली, तर चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे मात्र ‘लहान दिसते’. रस्त्यावर वचक वाटत नाही. म्हणजे शिडीसाठी रडणाऱ्यांतल्या पुष्कळांना शिडी नको होती. उंच बॉनेट हवं होतं.

हा वचकाचा भाग मला व्हिजन टीमध्येही खटकतो. फुगलेल्या कमानी, जाड बंपर, बॉनेटवर दिसतील अशा कड्या, ही सगळी रांगडेपणाची भाषा आहे, पण ती बघणाऱ्याला उद्देशून आहे, चालवणाऱ्याला नाही. जुन्या जीपचं बॉनेट बाहेरच्या कड्यांनी बंद व्हायचं कारण ते सारखं उघडावं लागायचं. आता उघडायचं कुणी? आत सेन्सर आणि वायरिंगचं जंजाळ, आणि अंगठा दाबला की ‘जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’. कडी उरली, तिचं काम गेलं. दिवे गोल की चौकोनी यावर हजारो शब्द खर्चणाऱ्यांपैकी या कडीबद्दल बोललेलं मी फारसं वाचलेलं नाही.

आणि शिडीचा खरा मुद्दा दगडांपेक्षा इथे आहे असं मला वाटतं. शिडीवाली गाडी ठोकली तर मडगार्ड खोलून दुसरं लावता येतं. शिडी वाकली तर तालुक्याचा मिस्त्री साखळी आणि जॅक लावून ती ओढतो, वेल्डिंग मारतो, आणि गाडी चौथ्या दिवशी ऊस-वाहतुकीच्या रस्त्यावर असते. काम सुबक नसेल, सुरक्षित तर कधी कधी मुळीच नसतं, हेही तितकंच खरं. मोनोकॉकचा पुढचा आधार दुमडला तर मापाची यंत्रं लागतात, कंपनीचे भाग लागतात, आणि बऱ्याचदा विमा कंपनी गाडी मोडीत काढा म्हणून सांगते. अपघातात माणूस वाचण्याची शक्यता नव्या रचनेत जास्त आणि गाडी वाचण्याची कमी, अशी ही अदलाबदल आहे. माणूस वाचावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या अदलाबदलीत एमएम ५४० च्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मिस्त्री कुठे बसतो, याची विचारणा कंपनीकडे कुणीतरी करायला हवी. बंपर तीन तुकड्यांत मिळणार की अख्खाच घ्यावा लागणार? बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र बाहेरच्या गॅरेजला मिळणार का? पंधरा वर्षं जुन्या गाडीचा दिवा, गोल असो की चौकोनी, चाळीसगावच्या दुकानात मिळेल का?