लोखंडी नांगराचे पहिले गिऱ्हाईक : उद्योजककथेच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

पहिल्या पिढीतील उद्योजकाची कथा सांगण्याची एक रीत मराठीत रूढ झाली आहे. सामान्य घर, नोकरीतील अपमान, राजीनामा, समाजाचा अविश्वास आणि अखेरीस जिद्दीचा विजय, अशा टप्प्यांनी ती पुढे सरकते. उद्योजकता विकासाच्या तासिकांपासून व्याख्यानमालांपर्यंत हीच कथा ऐकवली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांचे चरित्र हे या कथेचे मराठीतील आद्य प्रतिमान होय. प्रस्तुत लेखात त्या चरित्रातील घटनांपेक्षा त्या सांगण्याच्या पद्धतीचा विचार केला आहे. घटना एक सांगतात आणि कथेचे तात्पर्य दुसरेच सांगते, हा लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

राजीनाम्यापूर्वीचे दुकान

रंगांधत्वामुळे चित्रकला सोडून लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखनाचे शिक्षण घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. बढती डावलली गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला. प्रचलित कथनात हा राजीनामा म्हणजे उद्योगाचा प्रारंभबिंदू ठरतो. वस्तुतः बेळगावातील सायकलींचा व्यवसाय त्यापूर्वीच सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. किर्लोस्कर समूह १८८८ हे आपले स्थापनावर्ष मानतो. म्हणजे एका भावाचा पगार चालू असताना दुसऱ्याने दुकान सांभाळले होते. या उद्योगाचे पहिले भांडवल एका सुरक्षित नोकरीच्या आधाराने उभे राहिले. नोकरीवर पाणी सोडण्याचे धाडस कथेत ठळक होते, नोकरीने दिलेला आधार मात्र पुसट होतो.

शेतकऱ्याचा नकार

कडबा कापण्याच्या यंत्राबरोबरच लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या प्रसंगाचे कथन 'दूरदर्शी उद्योजक विरुद्ध अंधश्रद्ध समाज' अशा द्वंद्वात केले जाते. ती समजूत चुकीची होती, यात शंका नाही. परंतु नकाराची कारणे तेवढ्यावरच संपतात का, हा प्रश्न कथा विचारत नाही.

लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे, दुरुस्तही तोच करीत असे आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, धान्यात मिळत असे. लोखंडी नांगरासाठी रोख पैसा हवा होता. फाळ मोडला तर गावात इलाज नव्हता, कारखान्याकडेच पाहावे लागणार होते. एक हंगाम वाया जाणे ज्याला परवडत नाही, त्याने अनोळखी अवजार नाकारणे हा केवळ अडाणीपणा नव्हे, तो व्यवहारही असतो. शेतकऱ्याची ही बाजू वगळली की नकारातून काय शिकायचे हेच हरवते. गिऱ्हाईक नाही म्हणते तेव्हा ते अज्ञानीच असते, असा धडा विद्यार्थी घेऊन जातो. नव्या उद्योजकासाठी याहून घातक धडा दुसरा नसावा.

माळरान आणि आश्रय

नगरपालिकेच्या निर्णयामुळे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन देऊ केली आणि कर्जही दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या माळरानाचे वर्णन प्रत्येक कथनात रंगवून येते. रेल्वेस्थानकाची जवळीक मात्र ओझरती येते. अवजड माल बनविणाऱ्या कारखान्याला कच्चा माल आणण्यासाठी आणि नांगर दूरवर पोहोचविण्यासाठी ती निर्णायक होती.

माणसांबाबतही असेच घडते. शंभोराव जांभेकर यंत्रे सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब पाहत, रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था लावीत. शिक्षा भोगून आलेल्या रामोशी व मांग समाजांतील व्यक्तींवर पहाऱ्याची जबाबदारी सोपविली गेली. कथनात या व्यक्ती संस्थापकाच्या मनाच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून येतात. ज्यांच्या जागरणावर वाडी निर्धास्त झोपली, ते कर्ते म्हणून त्यांना क्वचितच स्थान मिळते.

कंपनी आणि 'खबर'

'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी १९२० मध्ये नोंदली गेली. याचा अर्थ, सायकलींच्या दुकानानंतर ३२ वर्षांनी आणि वाडी वसल्यानंतर दहा वर्षांनी कंपनी जन्माला आली. आज क्रम उलटा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकाच व्यक्तीची कंपनी शक्य केली आणि २०१५ च्या दुरुस्तीने एक लाख रुपयांच्या किमान भांडवलाची अटही काढली. नोंदणी सुलभ झाली, हे स्वागतार्हच आहे. पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंतचा काळ मात्र कोणत्याही दुरुस्तीने कमी होत नाही.

त्याच १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याचे हे वार्तापत्र पुढे मराठीतील प्रभावी मासिक बनले. कंपनी आणि तिची कथा सांगणारे नियतकालिक एकाच वर्षी, एकाच वसाहतीत जन्मले, ही बाब वाङ्मयीन दृष्ट्या लक्षणीय आहे. शंकरराव लक्ष्मणरावांचे पुतणे होते. पुत्र शंतनुराव यांचे 'कॅक्टस अँड रोझेस' हे आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. तात्पर्य, ही कथा मुख्यतः तिच्या वारसांनी, यशानंतर सांगितली. त्यात असत्य आहे असे नव्हे. परंतु शेवट ठाऊक असलेला निवेदक अडचणींना आपोआप पायऱ्यांचे रूप देतो.

समारोप

या विवेचनाने लक्ष्मणरावांची जिद्द उणी ठरत नाही. विक्री नसताना दोन वर्षे नांगर सुधारत राहणे ही असामान्यच गोष्ट आहे. आक्षेप आहे तो जिद्दीला एकमेव कारण मानणाऱ्या मांडणीवर. भाऊ, पगार, संस्थानिकाचे कर्ज, रेल्वे आणि सहकारी यांना वगळून सांगितलेली कथा ऐकून जो विद्यार्थी व्यवसायात उतरतो आणि अपयशी ठरतो, त्याच्या हाती एकच निष्कर्ष उरतो : आपल्यातच जिद्द कमी होती. भांडवलाची, बाजारपेठेची किंवा सोबतीची उणीव त्याला दिसतच नाही, कारण ती पाहायला त्याला शिकविलेलेच नसते.

म्हणून हे चरित्र वर्गातून वगळण्याऐवजी अधिक बारकाईने वाचले गेले पाहिजे. पहिल्या दोन वर्षांचा खर्च कोठून भागला असेल, शेतकऱ्याचे म्हणणे काय असेल, औंधचा आश्रय मिळाला नसता तर काय झाले असते, हे प्रश्न अध्यापकांनी विचारावेत. प्रेरणा देण्याचे काम चरित्र स्वतःच करते. अध्यापकाचे काम त्यातला हिशेब उलगडून दाखविण्याचे आहे.