घरातला पत्ता, बाहेरचा पत्ता

इंटरनेटची जडणघडण ज्या कागदपत्रांवर उभी आहे, ती कोणालाही विनामूल्य वाचता येतात. ‘आरएफसी’ या नावाने आणि एका क्रमांकाने ती ओळखली जातात. शिक्षक सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. भाषा इंग्रजी, मांडणी रूक्ष आणि चित्रे टंकलेखनाच्या चिन्हांनी काढलेली. तरीही त्यांतील दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. एक मार्च २००३ मधील आरएफसी ३४८९ आणि दुसरे ऑक्टोबर २००८ मधील आरएफसी ५३८९. दोन्हींचे नाव ‘स्टन’. विषय एकच : घरच्या राउटरमागे बसलेल्या यंत्राला बाहेरच्या जगाशी थेट बोलता कसे यावे. दुसऱ्याने पहिल्याला रद्द ठरवले आहे, आणि ते का, हे वाचण्यासारखे आहे.

आधी अडचण समजून घेऊ. वर्गात इंटरनेट शिकवताना आपण पोस्टाचा दाखला देतो. प्रत्येक संगणकाला पत्ता असतो, माहितीची पाकिटे त्या पत्त्यावर जातात, वगैरे. हा दाखला गेली पंचवीस-तीस वर्षे बहुतेक घरांना लागू पडत नाही. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६. जगाची लोकसंख्या पाहता ते अपुरेच. म्हणून मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ ने एक तोड सुचवली. घरातील यंत्रांना खासगी पत्ते द्यावेत आणि बाहेर पडताना राउटरने ते पुसून सार्वजनिक पत्ता लिहावा. याला ‘नॅट’ म्हणतात. आपल्या घरच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होताना दिसतो तो यामुळेच. शेजाऱ्याच्या घरातही नेमका तोच पत्ता असू शकतो. ही तोड दीर्घकाळासाठी योग्य नाही, कदाचित अल्पकाळासाठीही नसेल, असे त्या लेखकांनी स्वतःच तेथे लिहून ठेवले होते. ती टिकली मात्र तीस वर्षांहून अधिक.

पोस्टापेक्षा कचेरीतील जुन्या टेलिफोन बोर्डाचा दाखला अधिक जुळतो. बाहेर एकच क्रमांक, आत अनेक विस्तार क्रमांक. आतल्या माणसाने बाहेर फोन लावला तर ऑपरेटर जोडून देतो. बाहेरच्याने फोन केला तर ‘कोणाला देऊ?’ हे ऑपरेटरला ठाऊक नसते. राउटर एक वही ठेवतो : आतल्या अमुक यंत्राने अमुक दारातून (म्हणजे पोर्टमधून) बाहेर पाकीट पाठवले, त्या दाराशी उत्तर आले तर ते त्या यंत्राला द्यायचे. वहीत नोंद नसेल तर पाकीट टाकून द्यायचे. नोंदही कायमची नसते. काही काळ त्या दारातून वर्दळ झाली नाही की ती पुसली जाते.

संकेतस्थळ पाहताना यात काही बिघडत नाही, कारण विचारणारे नेहमी आपणच असतो. दूरध्वनीचे तसे नाही. बहुतेक इंटरनेट फोन ज्या ‘सिप’ पद्धतीने (आरएफसी ३२६१, जून २००२) चालतात, तिच्यात घंटी वाजवणारा संदेश वेगळा आणि आवाज वाहणारी पाकिटे वेगळी. ‘माझ्यासाठी आवाज या पत्त्यावर पाठवा’ हे फोन संदेशाच्या पोटात लिहितो आणि तेथे स्वतःला माहीत असलेला पत्ता लिहितो. तो असतो घरातला! राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतली चिठ्ठी साधारणतः वाचत नाही. परिणाम असा, की घंटी वाजते, पलीकडचा उचलतो, त्याला आपले बोलणे ऐकू येते, आणि आपल्याला मात्र शांतता. त्याचा आवाज १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या, बाहेर कोठेच न पोहोचणाऱ्या पत्त्याकडे रवाना झालेला असतो. इंटरनेट फोनवरील ‘एकतर्फी आवाज’ या तक्रारीमागे फार वेळा हेच कारण असते.

२००३ चा स्टन येथे प्रवेश करतो. त्याची युक्ती एका वाक्यात सांगता येते : बाहेरच्या एखाद्या यंत्राला विचारा, ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो?’ ते उत्तर देते, आणि फोन तोच पत्ता चिठ्ठीत लिहितो. आपण आपल्याला जसे दिसतो तसे न सांगता दुसऱ्याला जसे दिसतो तसे सांगायचे. कल्पना सुंदर आहे, आणि जोनाथन रोझेनबर्ग व त्यांच्या तीन सहलेखकांनी ती मांडलीही आहे मोठ्या सफाईने. राउटरांचे चार प्रकार, ते ओळखण्यासाठी तीन चाचण्या आणि त्यांची प्रवाहआकृती. पहिली चाचणी : बाहेरचा पत्ता विचारा. दुसरी : उत्तर दुसऱ्याच पत्त्यावरून व दुसऱ्याच दारातून पाठवायला सांगा. ते आत पोहोचले तर राउटर फारच उदार. नाही पोहोचले तर पहिली चाचणी वेगळ्या पत्त्याकडे करून पाहा. प्रत्येक ठिकाणी आपण वेगवेगळे दिसत असू, तर तो चौथा आणि सर्वांत अवघड प्रकार, ‘सिमेट्रिक’. मधले दोन प्रकार तिसऱ्या चाचणीने वेगळे होतात. दहावीचा विद्यार्थीही ही आकृती समजू शकेल.

माझा आक्षेप या नीटनेटकेपणालाच आहे. चार खणांची पेटी आधी बनवली गेली आणि राउटरांनी त्यांत बसावे अशी अपेक्षा धरली गेली. प्रत्यक्षात असे राउटर निघाले, की जे घरात एकच फोन असेल तर एका प्रकारचे वागतात आणि दुसऱ्या फोनने तेच दार मागितले की वागणूक बदलतात. सकाळी तपासले तर एक उत्तर, संध्याकाळी दुसरे. एका निरीक्षणावरून वस्तूचा ‘प्रकार’ ठरवण्यातला हा धोका विज्ञानशिक्षकाला अपरिचित नाही. शिवाय चौथ्या प्रकारात मिळालेले उत्तर बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. विचारपूस केलेल्या यंत्राला आपण ज्या दारातून दिसलो, त्याच दारातून पलीकडच्या फोनला दिसत नाही. आणि दोघेही एकाच राउटरमागे असतील, तर बाहेरच्या पत्त्यावरून वळून परत आत येणे अनेक राउटरांना जमत नाही. म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्यांत बोलणे होत नाही, दुसऱ्या खंडात होते.

लेखकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवे, की या वर्गीकरणात न बसणारी यंत्रे असू शकतील आणि ही पद्धत त्यामुळे ठिसूळ होते, हे त्याच दस्तऐवजाच्या उत्तरार्धात स्वच्छ लिहिले आहे. पण नाव ठेवले होते ‘सिम्पल ट्रॅव्हर्सल ऑफ यूडीपी थ्रू नॅट्स’. शीर्षकात ‘सिम्पल’ आणि चौदाव्या प्रकरणात ‘ठिसूळ’! यंत्रे बनवणारे शीर्षक व आकृती वाचतात. चौदावे प्रकरण किती जण वाचतात?

२००८ च्या आवृत्तीत रोझेनबर्ग यांच्यासह काही लेखक तेच आहेत. त्यांनी वर्गीकरण सदोष ठरल्याचे मान्य केले, चाचण्या काढून टाकल्या आणि अद्याक्षरे तीच ठेवून नाव बदलले : ‘सेशन ट्रॅव्हर्सल युटिलिटीज फॉर नॅट’. ‘साधा’ हा शब्द गेला आणि ‘साधने’ आली. स्टन हा पूर्ण उपाय नसून मोठ्या उपायातले एक हत्यार आहे, अशी आता त्यांची भूमिका आहे. तो मोठा उपाय, ‘आइस’, एप्रिल २०१० मध्ये आरएफसी ५२४५ म्हणून आला. राउटर कोणत्या जातीचा, हे तो विचारतच नाही. घरातला पत्ता, स्टनने कळलेला बाहेरचा पत्ता आणि मध्यस्थ यंत्राचा पत्ता असे सगळे गोळा करून दोन्ही बाजू प्रत्येक जोडी प्रत्यक्ष वापरून पाहतात. जी चालते ती घेतात. कोणतीच थेट जोडी चालली नाही तर सारे संभाषण मध्यस्थामार्फत वाहते. ते खर्चिक असते, पण बोलणे होते.

२००८ च्या लेखनातला सर्वांत गमतीचा भाग एका तांत्रिक तपशिलात दडला आहे. काही राउटर अतिउत्साही निघाले. पाकिटाच्या आतल्या मजकुरात ओळखीचा पत्ता दिसला की तोही बदलून टाकत! मग ‘तू बाहेरून असा दिसतोस’ हे उत्तर घरात शिरतानाच बिघडे. सिपच्या चिठ्ठ्या ‘दुरुस्त’ करणारी अशीच एक सोय अनेक राउटरांत असते. माझ्या परिचयातील एका घरात ती सोय बंद करताच महिनाभर मुका असलेला फोन बोलू लागला. स्टनने यावर काढलेला तोडगा वर्गात करून पाहता येतो. उत्तरातला पत्ता ३३.१८.१६४.६६ या ठरावीक संख्येशी ‘एक्सॉर’ करून पाठवायचा. समजा, पत्ता १९२.०.२.१ आहे. १९२ म्हणजे ११००००००, ३३ म्हणजे ००१००००१. जेथे अंक वेगळे तेथे १, सारखे तेथे ० : १११००००१, म्हणजे २२५. चारही भाग केले की २२५.१८.१६६.६७ मिळते. राउटरला यात ओळखीचे काही दिसत नाही. फोनने तीच क्रिया पुन्हा केली की मूळ पत्ता हाती येतो. याला गुप्तलेखन म्हणता येणार नाही, कारण किल्ली सर्वांना ठाऊक आहे. मदतनिसाची नुसती नजर चुकवायची आहे.

एवढे असूनही नव्या आवृत्तीबद्दल माझी तक्रार आहे. जुनी वाचून प्रश्न काय आहे ते कळते. नवी वाचून फक्त पाकिटाची रचना कळते. चाचण्या काढल्या ते योग्यच, पण त्यांच्याबरोबर राउटर कसा वागतो याचे वर्णनही दुसऱ्या दस्तऐवजांत विखुरले. नोंद किती वेळ टिकावी हे पाहायचे तर आरएफसी ४७८७ (जानेवारी २००७) उघडावे लागते. तेथे किमान दोन मिनिटे सांगितली आहेत आणि म्हणूनच फोन स्वस्थ असतानाही अधूनमधून एखादे पाकीट बाहेर टाकत राहतो. नवख्या वाचकाने चार ठिकाणी हिंडावे, ही अपेक्षा रास्त नाही. फेब्रुवारी २०२० च्या सुधारित आवृत्तीनेही (आरएफसी ८४८९) यात फारसा बदल केलेला नाही.

आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा दुष्काळ नाही आणि भारतातील मोबाइल सेवांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले आहे. तरी राउटरची वही जात नाही. पत्ता बदलण्याचे काम संपले तरी अनोळखी पाकीट आत न घेण्याचे काम बहुतेक राउटर करतातच. वर्गासाठी म्हणाल तर २००३ मधील प्रवाहआकृतीचे एक पान आणि २००८ मधील, ती का वगळली ते सांगणारा परिच्छेद, एवढ्याच छायाप्रती काढाव्यात. आकृती आधी द्यावी, परिच्छेद दुसऱ्या दिवशी.